तैखरबोल: तांदळाच्या भेगाळ कवचाचा मऊ पाव (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी २०२५, आम्स्टेलवेन

या नोंदींचा विषय नेदरलँड्समधल्या बेकऱ्यांत आणि सुपरमार्केटांत सर्रास मिळणारा तैखरबोल (डच भाषेत तैखर म्हणजे वाघ) हा गोल पाव आहे. तो आतून पांढरा आणि लुसलुशीत असतो, तर वर तांदळाच्या पिठीचे, तिळाच्या तेलाचा वास असलेले, भेगांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेले तपकिरी कवच असते. मोठ्या ब्रेडच्या आकारात हाच प्रकार तैखरब्रोट म्हणून विकला जातो. ब्रिटनमध्ये तो टायगर ब्रेड या नावाने रुळला आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सँडविचच्या दुकानांतून गिऱ्हाईक तो डच क्रंच म्हणून मुद्दाम मागून घेते.

घरच्या साध्या विजेच्या ओव्हनमध्ये, बेकऱ्यांतले तयार सुधारक मिश्रण न वापरता, दर वेळी सारख्याच भेगा पडतील अशी कृती ठरवणे हा प्रकल्पाचा उद्देश आहे. पावावर भेगा पडण्यात अवघड काही नाही, पण हव्या त्या रुंदीच्या आणि सगळ्या पावांवर सारख्या पडणे, आणि सुरीने कापताना कवचाच्या खपल्या ताटात न गळता पावालाच धरून राहणे, हे अवघड आहे. त्यामुळे कसोट्या आधीच लिहून ठेवतो. खपली साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंद असावी, दोन खपल्यांमधून पावाचा फिकट भाग स्पष्ट दिसावा, दाताखाली कवच कुरकुरावे पण कच्च्या पिठीची चव येऊ नये, आणि आतला भाग दुसऱ्या दिवशीही मऊ असावा.

पावाची कणीक सुरुवातीला स्थिर ठेवायची आहे, म्हणजे वरच्या लेपात (भाजण्याआधी गोळ्यावर लावायच्या तांदळाच्या पिठीच्या मिश्रणात) केलेला प्रत्येक बदल वेगळा दिसेल. पाचशे ग्रॅम गव्हाच्या पांढऱ्या पिठाला दीडशे ग्रॅम दूध, दीडशे ग्रॅम पाणी, पंचवीस ग्रॅम लोणी, पंधरा ग्रॅम साखर, नऊ ग्रॅम मीठ आणि सहा ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट असे प्रमाण घेतले. यातून पंच्याऐंशी ग्रॅमचे दहा गोळे होतात. दूध आणि लोणी मऊपणासाठी आहेत. लोणी याहून वाढवले तर पाव गोडसर बनकडे झुकतो, आणि तो तैखरबोल राहत नाही.

१२ जानेवारी

पिठाबाबत निर्णय लवकर झाला. येथे साधे पांढरे पीठ टार्वेब्लूम म्हणून मिळते आणि अधिक प्रथिनांचे पीठ पाटेंटब्लूम म्हणून. पहिल्याचे पाव चवीला ठीक झाले, पण ओव्हनमध्ये ते वर न उठता बाजूंना पसरले. दुसऱ्याचे पाव उंच आले. लेपाला भेगा पाडायच्या तर खालचा गोळा जोराने वाढला पाहिजे, आणि त्यासाठी ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या प्रथिनांचे ताणले जाणारे जाळे, बळकट हवे, म्हणून यापुढे पाटेंटब्लूमच.

पवनचक्कीवर दळलेल्या पिठाचाही मोह झाला होता. या देशात अनेक जुन्या पवनचक्क्या स्वयंसेवक चालवतात आणि त्यांच्या दारात पीठ विकत मिळते; चक्की चालवण्याच्या या कारागिरीला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थानही मिळाले. पण दगडी जात्यावरच्या पिठात चाळूनही थोडा कोंडा राहतो, आणि या पावाचा आतला भाग पांढराशुभ्र हवा असतो. ते पीठ रोजच्या पावासाठी राखून ठेवले आहे.

१८ जानेवारी

आजचा दिवस तांदळाच्या पिठीला दिला. आशियाई जिन्नस विकणाऱ्या दुकानांना येथे टोको म्हणतात, आणि त्या दुकानांत थाई एरावण छापाच्या पिशव्या ठरलेल्या असतात: लाल छपाईची साध्या तांदळाची आणि हिरव्या छपाईची चिकट तांदळाची. त्या दोन्ही आणल्या. शिवाय भारतीय दुकानातली जाडसर पिठी आणि पुण्याहून पाहुण्यांबरोबर आलेली मोदकाची पिठी घरात होतीच. सर्व लेप एकाच प्रमाणात केले, म्हणजे शंभर ग्रॅम पिठीला शंभर ग्रॅम कोमट पाणी, सहा ग्रॅम साखर, दोन ग्रॅम मीठ, चार ग्रॅम यीस्ट आणि दहा ग्रॅम भाजक्या तिळाचे तेल. अर्धा तास झाकून ठेवून मग ते वेगवेगळ्या पावांवर लावले.

चिकट तांदळाच्या पिठीने भेगा जवळजवळ दिल्याच नाहीत. तिचा लेप पावाबरोबर ताणला गेला, त्यावर फोड आले आणि थंड झाल्यावर तो चिवट झाला. त्याचे कारण स्टार्चमध्ये आहे. तांदळाच्या स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतेच, आणि शिजल्यानंतर घट्ट बसून टणक होण्याचे काम प्रामुख्याने तेच करते. ते नसले की लेप चिकाचा होतो. अशा पिठीची मोची, म्हणजे चिकट तांदळाची जपानी मिठाई, छान होईल, पण आपल्याला भेगा हव्या आहेत.

भारतीय दुकानातल्या जाडसर पिठीने भेगा चांगल्या पडल्या, पण कवच सँडपेपरसारखे खरखरीत लागले आणि वाटीत लेप ठेवल्यावर पिठी तळाला बसत होती, त्यामुळे पहिल्या पावाला पातळ आणि शेवटच्या पावाला दाट लेप गेला. लाल पिशवीतली पिठी ओली दळून वाळवलेली असते आणि ती अतिशय बारीक असते. तिचा लेप एकजीव राहिला. मोदकाची पिठीही धुऊन वाळवलेल्या तांदळाची आणि बारीक होती, आणि तिने लाल पिशवीइतकेच चांगले काम केले. तरीही ती येथे सहज मिळत नाही आणि गणपतीपर्यंत पुरवायची आहे, म्हणून प्रकल्पासाठी लाल पिशवी निश्चित केली.

२५ जानेवारी

लेपाचा दाटपणा मोजण्यासाठी घरी उपकरण नाही. आमच्या रस्त्यावर राहणारे एक निवृत्त बेकर आजोबा आज चहाला आले होते, त्यांना लेपाची वाटी दाखवली. त्यांनी ब्रश बुडवून उभा धरला आणि सांगितले की एक थेंब पडून दुसरा ब्रशच्या टोकाला लोंबत राहिला तर लेप योग्य आहे. थेंब पडतच राहिले तर पिठी घालावी, आणि एकही पडला नाही तर पाणी. माझ्या वाटीतून थेंब पडत नव्हता. दहा ग्रॅम पाणी वाढवल्यावर त्यांचा निकष पूर्ण झाला. यापुढे शंभर ग्रॅम पिठीला एकशे दहा ग्रॅम पाणी हे मूळ प्रमाण मानून शेवटी थेंबाच्या निकषाने पाणी कमी-जास्त करायचे, कारण पिशवी उघडी राहिली की पिठीतला ओलावा बदलतो.

त्यांची दुसरी सूचना लेप लावण्याच्या पद्धतीबद्दल होती. पाव उलटा धरून वाटीत बुडवणे त्यांना मान्य नाही, कारण फुगलेला गोळा हाताळणीनेच बसतो. ब्रशपेक्षा बोटांनी, वरून खाली, कडेपासून बोटभर अंतर सोडून लेप पसरवावा. कडेपर्यंत लावलेला लेप कागदावर ओघळतो आणि तेथे जळतो.

१ फेब्रुवारी

आजच्या प्रयोगाची कल्पना स्वयंपाकघरातूनच आली. मोदकासाठी आपण उकड काढतो, म्हणजे उकळत्या पाण्यात पिठी शिजवतो, आणि त्यामुळेच ग्लूटेनचा अंशही नसलेली ही पिठी न फाटता पारीच्या कळ्या घेते. मग लेपातली थोडी पिठी आधी उकडून घेतली तर कवच पावाला अधिक घट्ट धरून राहील का, आणि खपल्या गळणे थांबेल का, हे पाहायचे होते. शंभर ग्रॅम पिठीपैकी दहा ग्रॅमची उकड काढून ती थंड झाल्यावर उरलेल्या लेपात घोटून मिसळली.

खपल्या गळणे खरोखरच थांबले, पण खपल्याच फार थोड्या तयार झाल्या. लेप लवचिक झाला होता, आणि पावाच्या माथ्यावर दोन-तीन लांब चिरा पडून बाकीचा भाग सलग राहिला. हा परिणाम उपयोगाचा नसला तरी त्यातून या कवचाची यंत्रणा स्पष्ट होते. गव्हाच्या कणकेत ग्लूटेनचे जाळे असते, म्हणून ती वायू धरून ताणली जाते. तांदळाच्या पिठीत असे जाळे नसते. कच्च्या पिठीचा लेप म्हणजे पाण्यात तरंगणारे स्टार्चचे सुटे कण, थोडे तेल आणि यीस्टचे बुडबुडे. तो ओला असेपर्यंत पसरू शकतो, पण ताणला जाऊ शकत नाही. ओव्हनमध्ये पृष्ठभागाचे तापमान साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, लेप शिजून बसतो आणि नंतर झपाट्याने वाळू लागतो. त्याच वेळी आतला गोळा अजून वाढत असतो. बसलेल्या लेपाला वाढता येत नाही, म्हणून तो तुटतो. उकड मिसळली की हे तुटणेच नाहीसे होते, म्हणजे मोदकात जो गुण आपल्याला हवा तोच येथे अडचणीचा ठरतो.

९ फेब्रुवारी

लेपातले घटक एकेक काढून पाहिले. यीस्टशिवाय केलेले कवच सपाट आणि काचेसारखे कडक झाले. भेगा पडल्या, पण खपलीचा पृष्ठभाग गुळगुळीत होता आणि चावताना ती दाताला बोचत होती. यीस्टमुळे लेपात बारीक बुडबुडे येतात, कवच सच्छिद्र होते आणि म्हणून ते सहज मोडते. साखरेशिवाय केलेले कवच पाव पूर्ण भाजून झाल्यावरही फिकट पिवळे राहिले. तांदळाच्या पिठीत मोकळी साखर फारच थोडी असते आणि स्टार्चपासून साखर तयार करणारी विकरेही कमी असतात, त्यामुळे खरपूस रंगासाठी लागणारा माल बाहेरून द्यावा लागतो. शिवाय त्यातला काही भाग यीस्टच खाऊन टाकते. तेलाशिवाय कवच पिठूळ लागले आणि कापताना त्याचा चुरा झाला. मीठ नसले तर केवळ चव जाते, भेगांवर फरक दिसला नाही.

तेलाच्या निवडीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास घाण्यावरून आणलेले तिळाचे तेल फिकट आणि सौम्य असते. ते कच्च्या तिळाचे असते. पूर्व आशियाई दुकानांतले गडद तपकिरी तेल भाजलेल्या तिळाचे असते, आणि डच तैखरबोलचा ओळखीचा वास त्याचाच आहे. घाण्याच्या तेलाने केलेले कवच पोताच्या दृष्टीने तितकेच चांगले झाले, पण डोळे मिटून खाल्ले तर तो तैखरबोल आहे असे कोणी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या धर्तीच्या पाककृतींत बहुधा साधे खाद्यतेलच वापरतात, आणि तेथे पावात भरपूर सारण जात असल्याने ते चालूनही जात असावे. येथे हा पाव अनेकदा नुसते लोणी आणि चीज लावून खातात, त्यामुळे कवचाचा वास झाकला जात नाही.

२२ फेब्रुवारी

या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आज झाला. आतापर्यंत लेपाचे घटक आणि दाटपणा यांवर लक्ष होते, परंतु एकच लेप लावलेले पावही वेगवेगळ्या वेळी वेगळे दिसत होते, आणि त्याचा खुलासा लेपातून होत नव्हता. म्हणून आज एकाच कणकेचे गोळे तीन गटांत विभागले. पहिल्या गटाला गोळे वळल्याबरोबर लेप लावला आणि मग ते फुगायला ठेवले. दुसऱ्या गटाला फुगण्याचा निम्मा वेळ उलटल्यावर, आणि तिसऱ्या गटाला पूर्ण फुगल्यावर, ओव्हनमध्ये घालण्याच्या आधी लगेच लेप लावला.

पहिल्या गटावरच्या खपल्या एकमेकींपासून दूर गेल्या होत्या. भेगा इतक्या रुंद होत्या की पाव ठिगळे लावल्यासारखा दिसत होता. तिसऱ्या गटावर भेगांचे दाट, अरुंद जाळे होते, आणि दोन पावांच्या माथ्यावर तर भेगा शोधाव्या लागत होत्या. दुसरा गट कसोटीला उतरला.

याचे गणित साधे आहे. वस्तूचे घनफळ वाढते तेव्हा पृष्ठफळ त्याच पटीत वाढत नाही, ते घनफळाच्या पटीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. लेप लावल्यानंतर पावाचे घनफळ दुप्पट होणार असेल तर पृष्ठफळ साधारण १.५९ पट होते. लेप मुळीच ताणला जात नाही असे मानले तर तो नव्या पृष्ठभागाचा ६३ टक्के भागच झाकू शकतो, आणि ३७ टक्के भाग भेगांतून उघडा पडतो. घनफळ १.६ पट होणार असेल तर उघडा भाग २७ टक्के, आणि केवळ ओव्हनमधली वाढ शिल्लक असेल, समजा १.३ पट, तर १६ टक्के. प्रत्यक्षात उघडा भाग याहून कमी दिसतो, कारण पाव फुगत असताना लेप ओला असतो आणि सुरुवातीच्या चिरांमध्ये तो परत वाहून बसतो, शिवाय लेपातले यीस्ट लेपालाही थोडे फुगवते. तरीही तिन्ही गटांचा क्रम आणि त्यांतले अंतर या हिशेबाशी जुळते.

यावरून माझे मत असे झाले आहे की तैखरबोलच्या कवचाबद्दल लिहिताना लेपाच्या प्रमाणांवर जेवढा भर दिला जातो तेवढा तो योग्य नाही. लेप ठीकठाक असणे पुरेसे आहे. भेगांची एकूण रुंदी ठरते ती लेप लावण्याच्या क्षणी गोळ्यात किती वाढ शिल्लक आहे यावरून, आणि ती वाढ कणकेचे तापमान, यीस्ट, ग्लूटेनचे बळ आणि घड्याळ यांच्या हातात असते. लेपाची कृती अचूक पाळूनही भेगा येत नाहीत अशी तक्रार असेल तर प्रथम पाहावे लागेल ते गोळे लेप लावण्याआधीच पूर्ण फुगून गेले होते का, हे. अतिफुगलेला गोळा ओव्हनमध्ये वाढतच नाही, उलट किंचित बसतो, आणि त्यावरचे कवच सलग भाजून निघते.

आजच्या स्वयंपाकघरात एकोणीस अंश तापमान होते. कणीक मळून झाल्यावर तिचे तापमान सव्वीस अंश होते, पहिले फुगवणे एक तास, गोळे वळल्यानंतर एकूण पंचावन्न मिनिटे, आणि लेप त्यातल्या अठ्ठाविसाव्या मिनिटाला.

१ मार्च

भेगांची एकूण रुंदी वेळेवर अवलंबून असली तरी खपल्यांचा आकार लेपाच्या जाडीवर अवलंबून असतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. उन्हाळ्यात मराठवाड्यातली काळी जमीन भेगाळते तेव्हा वाळलेला थर जितका खोल तितकी ढेकळे मोठी असतात. वरच्या पातळ पापुद्र्याचे मात्र बारीक तुकडे होतात. पावावरही तोच नियम चालतो. दहा ग्रॅम लेप लावलेल्या पावावर बारीक, मिरीएवढ्या खपल्यांची गर्दी झाली. वीस ग्रॅमला, म्हणजे साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीला, हव्या त्या एक-दीड सेंटिमीटरच्या खपल्या मिळाल्या. तीस ग्रॅमला मोठी ठिगळे झाली आणि त्यांचा आतला थर भाजून होईपर्यंत कच्चाच राहिला.

जाड थर आणि लवकर लावलेला लेप एकत्र आले की वाघाचे पट्टे दिसायचे थांबतात आणि जिराफाची नक्षी दिसू लागते. ब्रिटनमधल्या सेन्सबरीज या दुकानसाखळीने एका लहान मुलीच्या पत्रावरून २०१२ मध्ये आपल्या पावाचे नावच जिराफ ब्रेड केले होते. तिथला पाव पाहता त्या मुलीचे निरीक्षण बिनचूक होते.

प्रत्येक पावासाठी लेप वजनकाट्यावर मोजायचा. दहा पावांना दोनशे ग्रॅम लागतो आणि वाटीत थोडा उरतो, म्हणून शंभर ग्रॅम पिठीचे प्रमाण पुरेसे आहे.

१५ मार्च

ओव्हनच्या पद्धतीची तुलना केली. पंखा चालू ठेवल्यास वाऱ्याच्या बाजूचा लेप आधी वाळतो, तेथे भेगा आधी पडतात आणि पाव एका अंगाला कलतो. त्यामुळे पंखा बंद करून वरची-खालची उष्णता, दोनशे वीस अंश, असे ठरवले.

वाफेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. साध्या पावाला ओव्हनमध्ये वाफ देतात ती पृष्ठभाग ओला राहून पावाला वाढायला वेळ मिळावा म्हणून. येथे पावाच्या माथ्यावर ओला लेप असतोच, आणि तो ते काम काही प्रमाणात करतो. तापलेल्या ट्रेमध्ये उकळते पाणी ओतून केलेल्या पावांवर लेप उशिरा बसला, भेगांच्या कडा गोलसर आणि चकचकीत झाल्या, आणि कवच पातळ असल्यासारखे लागले. वाफेशिवाय केलेल्या पावांवर पहिल्या पाच मिनिटांतच भेगा दिसू लागल्या, कडा धारदार राहिल्या आणि पृष्ठभाग कोरडा, मंद रंगाचा झाला. बाजारातल्या पावाशी दुसरा प्रकार अधिक जुळतो. वाफ द्यायची नाही.

भाजण्याचा वेळ अठरा ते वीस मिनिटे. आतले तापमान पंच्याण्णव अंश दाखवले की पाव झाला असे मानतो, पण खपल्यांचा रंग त्याआधीच आला तर घाई करायची नाही. खपलीचा खालचा थर भाजायला शेवटची तीन-चार मिनिटेच लागतात. कच्च्या पिठीची चव येते ती याच थरातून.

२३ मार्च

शेजारच्या घरी पाव देण्यापूर्वीची एक नोंद. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्या चौदा पदार्थांची ॲलर्जीसाठी सूचना द्यावी लागते त्यांत तीळ आहे, आणि गहू व दूधही आहेत. घरगुती पावाला लेबल नसते, त्यामुळे तोंडी सांगणे आवश्यक ठरते. वरून दिसणाऱ्या कवचात तीळ कुठेच दिसत नसल्याने कोणाला शंकाही येत नाही. तिळाची ॲलर्जी असलेल्यांसाठी सूर्यफुलाच्या तेलाचा वेगळा लेप करून पाहिला. वास गेला, पोत राहिला.

५ एप्रिल

कवचाचे आयुष्य तपासले. ओव्हनमधून काढल्यावर पाव जाळीवर निवत असताना कवच तडतडते, आणि दोन-तीन तास ते उत्तम असते. संध्याकाळपर्यंत कुरकुरीतपणा निम्मा होतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या पावाचे कवच सकाळी पूर्ण मऊ झालेले असते. आतल्या भागात पाणी भरपूर असते आणि कवचात फारच थोडे, त्यामुळे पाणी आतून बाहेर सरकत राहते. पिशवी बंद असली की ते कवचातच अडकते. सुपरमार्केटमधल्या पिशवीबंद तैखरबोलचे कवच नेहमी मऊ का असते, त्याचे उत्तर हेच आहे. कागदी पिशवीत कवच बरे राहते पण आतला भाग लवकर कोरडा पडतो. फ्रिजमध्ये तर ठेवूच नये, कारण स्टार्च पुन्हा घट्ट होऊन पाव शिळा होण्याची क्रिया त्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. येथे पाव फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि या पावालाही ती लागू पडते. पूर्ण निवल्यावर लगेच गोठवायचे आणि खाण्याआधी थेट एकशे ऐंशी अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटे ठेवायचे. गोठवलेल्या पावाच्या काही खपल्या सुटतात, तेवढे मान्य करावे लागते.

दुपारी घरच्यांच्या आग्रहाखातर त्यात बटाटेवडा आणि सुकी लसणाची चटणी घालून पाहिली. चव चांगली लागली, परंतु वडापावासाठी हा पाव योग्य नाही असे माझे स्पष्ट मत आहे. लादीपावाच्या बाजू एकमेकांना चिकटून भाजल्यामुळे उघड्या आणि मऊ असतात, तो वड्याभोवती दाबला जातो आणि चटणी शोषून घेतो. तैखरबोल दाबला की कवच मोडून खपल्या चटणीबरोबर खाली पडतात. जुने खौदा (गौडा) चीज आणि मोहरी यांच्याबरोबर मात्र तो उत्तम लागतो.

२६ एप्रिल

आज कोनिंगस्दाग, म्हणजे राजाचा वाढदिवस. २७ तारीख रविवारी आल्याने यंदा तो एक दिवस आधी साजरा झाला. रस्त्यावरच्या सामायिक न्याहारीसाठी दुप्पट प्रमाणात पाव केले, आणि त्यामुळे एक नवी अडचण पुढे आली. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे बसतो. पहिला ट्रे भाजेपर्यंत दुसऱ्या ट्रेवरचे गोळे वीस-पंचवीस मिनिटे अधिक फुगतात, आणि स्वयंपाकघर आता बावीस अंशांवर गेले असल्याने हा काळ हिवाळ्यापेक्षा जास्त महाग पडतो.

दुसऱ्या ट्रेचे गोळे वळल्याबरोबर ओल्या पंचाने झाकून जिन्याखालच्या थंड कोनाड्यात ठेवले आणि पहिला ट्रे ओव्हनमध्ये जाण्याच्या थोडे आधी बाहेर काढले; लेप त्यानंतर काही मिनिटांनी लावला. लेपाच्या वाट्याही दोन केल्या होत्या, आणि दुसऱ्या वाटीतले यीस्ट वीस मिनिटे उशिरा कालवले होते, कारण फार वेळ फसफसलेला लेप पातळ होऊन ओघळतो. दोन्ही ट्रेवरच्या भेगा जवळजवळ सारख्या आल्या. दुसऱ्या ट्रेच्या थोड्या रुंद, कारण थंडाव्यातून निघालेल्या गोळ्यांत ओव्हनमधली वाढ अधिक शिल्लक होती. पुढच्या वेळी थंड गोळ्यांना लेप पाच मिनिटे उशिरा लावायचा.

उन्हाळ्यासाठीचा बदल येथेच नोंदवून ठेवतो. स्वयंपाकघर चोवीस अंशांच्या वर गेले तर कणकेतले यीस्ट सहा ग्रॅमवरून साडेचार ग्रॅमवर आणायचे, दूध आणि पाणी फ्रिजमधले वापरायचे, आणि लेप लावण्याची वेळ मिनिटांनी न ठरवता बोटाने दाबून ठरवायची: दाबलेला खळगा झटकन भरून येत असेल तर थांबायचे, सावकाश भरत असेल तर लेप लावायचा, आणि भरतच नसेल तर त्या गोळ्यांना लेप न लावता वरून दूध फिरवून साधे पाव म्हणून भाजायचे.